अंथरायला अनुदान आहे, उचलायला कोण?

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

प्रत माहितीसाठी: मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई. आणि ज्यांच्या रानात शेततळं आहे त्या सगळ्यांना.

विषय: शेततळ्याचा जुना कागद आणि त्यातलं पाणी

महोदय, स. न. वि. वि.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातला शेतकरी. पश्चिमेला इगतपुरीच्या बाजूनं पाऊस कोसळतो; आमच्याकडे ढग येतात, बघतात आणि पुढे जातात. डाळिंब, कांदा आणि थोडी द्राक्षं एवढा माझा पसारा. कधीकाळी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. नोकरी लागली नाही, पण विषय डोक्यातून गेला नाही. कागदपत्रांच्या ढिगात हे पत्र हरवू नये म्हणून उघड लिहितोय.

ज्यांनी शेततळं जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी एक खुलासा. शेततळं म्हणजे पाणी साठवायला रानात खोदलेलं तळं; पाणी झिरपू नये म्हणून त्यात कागद अंथरतात. आणि आमच्याकडे कागद म्हणजे प्लास्टिक. शेततळ्याचा कागद, मल्चिंगचा म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायचा कागद, द्राक्षबागेवरचा कागद. हा शब्दच आम्हाला गाफील ठेवतो. कागद म्हटलं की वाटतं, चार पावसाळ्यांत कुजेल, मातीत जाईल. मातीत जातो खरा. कुजत तेवढा नाही.

माझं तळं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल. काठोकाठ भरलं की २२ लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यात ५०० मायक्रॉनचा काळा कागद अंथरला. २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्या वर्षी माझी डाळिंबाची बाग जगली ती याच पाण्यावर. तेव्हा हा माणूस शेततळ्यांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात वाळत घालतात, ही शेततळ्यांवरची जुनी टीका आहे. बऱ्याच ठिकाणी ती खरीही आहे, पण ते भांडण वेगळं आणि आज मला ते करायचं नाही.

या मे महिन्यात तळं पूर्ण आटलं. गाळ काढायला आम्ही चौघं आत उतरलो आणि मला पहिल्यांदा तो कागद तळापासून काठापर्यंत एकदम बघायला मिळाला. तळाचा भाग कायम पाण्याखाली आणि गाळाखाली राहिलेला. तो अजून लवचीक होता, घडी घातली तर पडत होती. काठावरचा भाग वर्षभर उन्हात. त्याचा हातात घेतला की पापडासारखा तुकडा पडायचा. पण सगळ्यात वाईट अवस्था होती मधल्या पट्ट्याची. पाणी जिथं चढतं, उतरतं, पुन्हा चढतं, तो पट्टा. ऊन, ओल, दुपारी हात टेकवणार नाही इतका ताप, पहाटे गारवा, हे सगळं त्यानं सोसलेलं. तिथं रंग पांढुरका झालेला, केसासारख्या चिरा पडलेल्या. माझा कागद विणलेला, दोन्ही बाजूंनी थर दिलेला. वरचा थर झिजून आतल्या विणीचे दोरे सुटून लोंबत होते. बोट फिरवलं तर राखेसारखी करडी भुकटी बोटाला लागली.

मी ती भुकटी बघत बराच वेळ बसलो. गड्यांना वाटलं मला ऊन लागलं.

कारण त्या भुकटीचा पहिला हप्ता मला कधी दिसलाच नव्हता. तो आधीच तळ्यात गेला होता. तिथून ठिबकच्या फिल्टरमध्ये, तिथून बागेत, आणि काही टाकीतून वस्तीवर.

आमच्या भागात एक समजूत आहे. कागद नवा असेल तोवर पहिल्या वर्षी त्या पाण्याला वास येतो, म्हणून ते जनावराला पाजायचं नाही. माझी आई अजून सांगते, “वर्षभर थांब, मग पाणी निवतं.” वर्षभरानं वास जातो, जनावरं तोंड लावतात आणि पाणी निवलं असं आम्ही मानतो. ही समजूत अर्धी बरोबर आहे. नव्या कागदातून जी हलकी, उडून जाणारी द्रव्यं सुटतात ती पहिल्या काही महिन्यांत संपतात, वास त्यांचाच. पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि तिला वास नसतो.

हा कागद पॉलिथिनचा, आणि पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण त्या साखळीत एखादी कडी तोडतात. तुटक्या जागी हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि तिथून शेजारच्या कड्यांना वाळवी लागल्यासारखं होतं. कारखानदाराला हे ठाऊक असतं, म्हणून तो कागदात दोन राखणदार बसवतो. एक म्हणजे काजळी, वजनाच्या दोन-अडीच टक्के, जी किरण गिळते. कागद काळा असतो तो तिच्यामुळे. दुसरा म्हणजे अँटिऑक्सिडंट, जो सुरू झालेली तोडफोड थांबवतो. तळ्यांच्या अस्तरांचा अभ्यास करणारे अभियंते कागदाच्या आयुष्याचे तीन टप्पे मानतात: आधी अँटिऑक्सिडंट संपतो, मग काही काळ वरवर काहीच दिसत नाही, आणि मग कागद भराभर ढासळतो.

अँटिऑक्सिडंट संपतो म्हणजे जातो कुठे? थोडा कामी येतो. उरलेला पाण्यात उतरतो. हा तर्क नाही. डेन्मार्कमध्ये २००२ साली पिण्याच्या पाण्याच्या पॉलिथिन पाइपांवर अभ्यास झाला, तेव्हा पाण्यात याच राखणदारांचे तुकडे सापडले, फिनॉलच्या कुळातले. म्हणजे कागदाला उन्हापासून वाचवायला जे घातलं, तेच कागद सोडून पाण्यात येतं. आणि ते निघून गेलं की उघडा पडलेला कागद स्वतःच विरघळायला लागतो: तुटक्या साखळ्यांची लहान आम्लं, अल्कोहोलं, कीटोनं बनतात, आणि ही सगळी पाण्यात सहज मिसळणारी.

त्यात भुकटीचा भाग वेगळा. चहाची मोठी पत्ती आणि चहाची भुकटी यातला फरक घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. भुकटीचा चहा लगेच उतरतो आणि कडक उतरतो, कारण तेवढ्याच वजनात पाण्याला लागणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त. अखंड कागद म्हणजे पत्ती. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना शास्त्रज्ञ मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द २००४ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्प्सन यांच्या शोधनिबंधानं रूढ केला. मायक्रोप्लास्टिक म्हणजे भुकटी. त्यावर चिरा पडल्या की आणखी पृष्ठभाग. आपण सगळे तुकडे मोजत बसलो आहोत, माशाच्या पोटात किती, मिठात किती. तुकडा गाळणीत अडकतो तरी. त्यातून पाण्यात उतरलेला अर्क कुठल्या गाळणीत अडकणार?

समुद्राच्या बाबतीत या अर्काचा अंदाज काढलेला आहे. २०१८ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, समुद्रात पोचणाऱ्या प्लास्टिकमधून वर्षाला २३,६०० टनांपर्यंत विरघळलेला कार्बन पाण्यात उतरत असावा, आणि त्यावर समुद्रातले जिवाणू पोसले जातात. समुद्र अथांग असतो. माझं तळं २२ लाख लिटरचं आहे, मे महिन्यात त्यात दोन लाखही उरत नाही, आणि त्यातला कागद साडेपाचशे किलोचा आहे. हा हिशोब मी मोजून केला: सुमारे १,२०० चौरस मीटर कागद, चौरस मीटरला ४७० ग्रॅमच्या आसपास. पाण्याच्या मानानं एवढं प्लास्टिक कुठल्या समुद्रात असेल, तुम्हीच सांगा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं प्लास्टिक एका तराजूत घालता येत नाही. पॉलिथिन त्यातल्या त्यात गरीब गाय आहे. पीव्हीसीची गोष्ट वेगळी: तिला मऊ करायला थॅलेट घालावी लागतात, आणि आपल्याकडच्या पीव्हीसी पाइपांत स्थिरक म्हणून शिसं वापरत आले, ते बंद करण्याचे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये काढले. त्याआधी पुरलेले पाइप अजून जमिनीत आहेत आणि त्यातून पाणी वाहतंय. कुठलं प्लास्टिक किती सोडतं हे म्हणूनच मोजायला हवं. जगात प्लास्टिकमध्ये वापरली किंवा सापडलेली रसायनं १६,००० हून अधिक आहेत, त्यातली ४,२०० हून अधिक चिंताजनक, आणि १०,००० हून अधिक रसायनांच्या घातकतेची माहितीच उपलब्ध नाही, असं २०२४ च्या ‘प्लास्टकेम’ अहवालात नोंदवलं आहे. उन्हापासून रक्षण करणाऱ्या रसायनांच्याच कुळातलं यूव्ही-३२८ हे २०२३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, म्हणजे डीडीटीवर ज्या करारानं बंधनं घातली त्याच करारात.

माझा मुख्य मुद्दा मात्र जुनेपणाचा आहे, आणि तो पटवायला अमेरिकेतल्या माशाची गोष्ट सांगतो. वॉशिंग्टन राज्यात कोहो सामन नावाचा मासा अंडी घालायला ओढ्यात परत येतो, आणि पाऊस पडला की काही तासांत मरतो. कित्येक वर्षं कारण सापडेना. शेवटी ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधानं गुन्हेगार दाखवला: गाड्यांच्या टायरांची झीज. टायर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते हवेतल्या ओझोनला भेटलं की त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं, आणि लिटरला एक मायक्रोग्रॅमहूनही कमी क्विनोननं हा मासा मरतो. हे क्विनोन नव्या टायरच्या पाककृतीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते रस्त्यावर झिजताना तयार झालं. कारखान्याच्या दारात तपासणी केली असती तर ते सापडलंच नसतं.

आता आपल्या तपासण्या बघा. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस ९८४५ ही भारतीय मानकातली चाचणी आहे. नवा नमुना घ्यायचा, ठरलेल्या द्रवात, ठरलेल्या तापमानाला, ठरलेले दिवस ठेवायचा आणि किती पदार्थ उतरला ते मोजायचं. मर्यादा लिटरला ६० मिलिग्रॅम. शेततळ्याचा कागद या परीक्षेला बसवला तर बहुधा पहिल्या श्रेणीत पास होईल. परीक्षा नव्या कागदाची, आणि पाणी आम्ही पितो अकरा वर्षं उन्हात भाजलेल्या कागदातलं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात शिसं आहे, कॅडमियम आहे, कीडनाशकं आहेत. मायक्रोप्लास्टिक नाही, थॅलेट नाहीत. युरोपनं २०२० च्या पाणी निर्देशात बिस्फेनॉल-ए या प्लास्टिकमधल्या रसायनाला लिटरला २.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. डीईएचपी या थॅलेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला ८ मायक्रोग्रॅम आहे. आमच्या वस्तीवर यातलं काही मोजायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करायची?

मी केली होती. पाण्याची बाटली घेऊन एका प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या मुलानं सामू, क्षारता, क्लोराइड, नायट्रेट असा छापील फॉर्म पुढे केला. मी म्हटलं, प्लास्टिकचा अर्क बघायचाय. तो म्हणाला, “काका, असा कॉलमच नाहीये.” त्याचा दोष नाही, खरंच कॉलम नाहीये. वर त्यानं खिशातला टीडीएस मीटर बुडवून दाखवला, आकडा चांगला आला, आणि तो म्हणाला, पाणी एक नंबर आहे. हा मीटर गावोगावी पोचलाय आणि त्यानं लोकांना भलत्या बाबतीत निर्धास्त केलंय. तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. थॅलेट वीज वाहून नेत नाहीत, फिनॉलच्या कुळातले ते तुकडेही जवळजवळ नाहीत. मीटरच्या लेखी ते पाण्यात नाहीतच.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला “कॉलमच नाही” हे वाक्य ऐकून एक जुनी जखम आठवते. २०१० साली आमची द्राक्षं युरोपात अडकली होती. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, आमच्या भाषेत लिहोसीन. वेलीची वाढ रोखायला वर्षानुवर्षं सगळे मारत होते. निर्यातीआधी द्राक्षं तपासली जात होती, अहवाल स्वच्छ येत होते, कारण आपल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. तिकडच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं आणि सापडलं. कंटेनर पडून राहिले, बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर नाव यादीत आलं. आज पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात कीडनाशकांच्या अंश तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारी यंत्रं आहेत, ती चालवणारी हुशार माणसं आहेत. म्हणजे आपल्याला मोजता येत नाही, असं कुणी म्हणू नये. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या घोसासाठी मोजतो तेवढं वस्तीवरच्या हंड्यासाठी मोजलेलं नाही, इतकंच.

आणि हंडा म्हणतोय तो अलंकार म्हणून नव्हे. फायलीत शेततळं हे ‘संरक्षित सिंचनासाठी’ असतं. मार्च संपला, विहिरी कोरड्या पडल्या, टँकरची खेप चुकली, की वस्तीवरची माणसं कुठे जातात? तळ्यावर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर येतात, त्यांची मेंढरं तळ्यावर. गाई-म्हशी तळ्यावर. काही जण त्यात रोहू-कटला सोडतात, आणि ते मासे बाजारात जातात. पाणी सगळ्यात जास्त प्यायलं जातं ते नेमकं मे महिन्यात, जेव्हा ते सगळ्यात कमी असतं, सगळ्यात तापलेलं असतं आणि सगळ्यात जास्त कागद उघडा असतो. लोक त्यात क्लोरीनची गोळी टाकतात, चांगल्या हेतूनं. पण प्लास्टिकमधून उतरलेल्या सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनची गाठ पडली की ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगं तयार होऊ शकतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ट्रायहॅलोमिथेनची मर्यादा मात्र आयएस १०५०० मध्ये आहे. निदान तेवढं तरी आमच्याकडे बघा. गोळी टाकू नका असं मी कुणालाच सांगणार नाही. जुलाबानं माणूस आजच मरतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या अहवालात म्हटलं की पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकच्या आरोग्यावरील परिणामांचा पुरावा मर्यादित आहे आणि संशोधन वाढवायला हवं. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य सभांमधून ऐकू येतं, दुसरं येत नाही.

मल्चिंगबद्दल थोडक्यात. कलिंगड, टोमॅटो, मिरचीला आम्ही २५-३० मायक्रॉनचा कागद घालतो, ४०० मीटरची पाच-सहा बंडलं एकराला. वजन ६० किलोच्या घरात. त्यालाही अनुदान आहे, खर्चाच्या निम्म्यापर्यंत. पीक निघालं की अर्धा कागद हातात येतो, अर्धा मातीत राहतो आणि त्यावरून रोटाव्हेटर फिरतो. माझ्याच हातानं फिरवलाय मी, दोन वर्षं, कारण मजुराला कागद वेचायला लावला तर त्याची हजेरी पीक देत नव्हतं. रोटाव्हेटर म्हणजे भुकटी करायची गिरणी. त्या भुकटीवरून पावसाचं पाणी वाहतं आणि जिथं जायचं तिथं जातं. चीननं या धड्याची किंमत आधी मोजली. शिनजियांगच्या कापसाच्या रानात कागदाचे इतके थर साठले की २०१७ च्या नव्या मानकात कागदाची किमान जाडी ०.००८ वरून ०.०१ मिलिमीटर करावी लागली, निदान तो अखंड उचलता यावा म्हणून. आपला कागद त्याहून जाड आहे. उचलण्याची व्यवस्था मात्र कुठेच नाही.

यावर तोडगा म्हणून हल्ली जैवविघटनशील कागदाची जाहिरात होते. कृपया अनुदानाची घाई करू नका. पीएलए आणि पीबीएटी या जातीचं प्लास्टिक पाण्यात आणि उन्हात ठेवल्यावर साध्या पॉलिथिनपेक्षा जास्त विरघळणारं द्रव्य सोडतं असं प्रयोगांत आढळलंय, आणि ते साहजिकच आहे; त्याचे बंध कच्चे असतात म्हणून तर ते विघटनशील. सुटणारं द्रव्य मातीतले जिवाणू लगेच खात असतील तर उत्तम. पण आधी आमच्या काळ्या मातीत, आमच्या उन्हात बघा. नाहीतर दहा वर्षांनी दुसरं पत्र लिहावं लागेल, आणि तेव्हा मी असेन-नसेन.

आता तुमच्या टेबलावरचा विषय. ‘मागेल त्याला शेततळे’ २०१६ मध्ये आलं. खोदाईला त्यातून अनुदान, अस्तरीकरणाला (कागद टाकायला) दुसऱ्या योजनांतून. तळं खोदताना, खोदल्यावर, कागद टाकल्यावर, प्रत्येक वेळी फोटो काढून, अक्षांश-रेखांश टाकून फाइल पुढे सरकते. त्यामुळे राज्यात कुठलं तळं कधी झालं, कुठे आहे, कुठला कागद पडला, हे तुमच्या संगणकात आहे. २०१६-१७ च्या लाटेत पडलेले कागद आता म्हातारे होतायत, एकाच वेळी, गावच्या गाव. तो कागद काढल्यावर शेतकऱ्यानं करायचं काय, याचा रकाना मला एकाही अर्जात दिसला नाही.

प्रदूषण मंडळाच्या बाजूनं बघितलं तर उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे, म्हणजे वापरलेल्या मालाचं काय करायचं ते बनवणाऱ्यानंच बघावं असे नियम २०२२ मध्ये आले खरे, पण ते पॅकेजिंगच्या प्लास्टिकसाठी. बिस्किटाच्या पुड्याला वाली आहे. माझा साडेपाचशे किलोचा कागद पुडा नाही, पिशवी नाही, म्हणून त्याला वाली नाही. भंगारवाल्याला विचारलं. त्यानं कागद चिमटीत धरला, तुकडा पडला, म्हणाला, “मामा, हा माल मेलेला आहे, आणि माती निम्मी. फुकट पण नको.” मग लोक काय करतात? कांद्याच्या चाळीवर टाकतात, मुरघासाच्या खड्ड्यावर टाकतात, गोठ्याला लावतात, विहिरीत पालापाचोळा पडू नये म्हणून विहिरीवर ताणतात. म्हणजे भुकटी होऊ लागलेला कागद पुन्हा अन्नावर आणि पाण्यावर. उरलेला बांधावर जाळतात. आयर्लंडसारख्या दुभत्या देशात १९९७ पासून शेतातला कागद गोळा करायची यंत्रणा आहे, बऱ्याच अंशी कागद बनवणाऱ्यांच्या पैशावर चालणारी. शेतकरी ठरल्या दिवशी ठरल्या जागी नेऊन टाकतो. तिथला शेतकरी काही आपल्यापेक्षा शहाणा नाही. त्याला टाकायला जागा आहे.

मागणं फार मोठं नाही. नव्या कागदाचं अनुदान देताना जुना कागद तोलून जमा केल्याची पावती मागा, आणि पावतीवर किलोमागे काही रुपये द्या. बघा, बांधावर एक तुकडा राहणार नाही. जमा करायला तालुक्याच्या बाजार समितीच्या आवाराइतकी चांगली जागा नाही, काटा तिथं आहेच. पैसा कागद बनवणाऱ्यांकडून घ्या, त्यासाठी मंडळानं केंद्राकडे शब्द टाकावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला आणि मांजरीच्या केंद्राला सांगा की तुमच्याच यादीतली तळी निवडा, नव्या कागदाची, पाच वर्षांची, दहाच्या पुढची. पाणी मे महिन्यात घ्या आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा घ्या. विरघळलेला कार्बन, थॅलेट, अँटिऑक्सिडंटचे तुकडे, यूव्ही रोखणारी रसायनं, हे सगळं बघा. शेजारच्या उघड्या विहिरीचं पाणी तुलनेला असू द्या. काही सापडलं नाही तर मी याच ठिकाणी तसं लिहीन आणि आईला सांगेन की तुझं म्हणणं बरोबर होतं, पाणी निवतं. आणि अहवाल मराठीत काढा, आकड्यांसकट.

तोवर तळेवाल्या भावाबहिणींना माझ्यापुरतं सांगतो. ज्या तळ्याचा कागद बोटाला भुकटी लावतो त्याचं पाणी माणसानं पिऊ नये, जमेल तोवर जनावरालाही दुसरं पाजावं. सक्शनचा फूटव्हॉल्व्ह तळाशी आणि काठाजवळ ठेवू नका, ड्रमला बांधून पाण्याच्या मध्यावर तरंगता ठेवा. गाळातली भुकटी तरी कमी ओढली जाईल. मल्चिंग वाफसा असताना काढा, सुकल्यावर काढाल तर हातात चिंध्याच येतील. जुना कागद विहिरीवर ताणू नका.

माझा जुना कागद मी जाळलेला नाही. गुंडाळून, दोरीनं बांधून, सावलीला लिंबाखाली ठेवलाय, वरून गोणपाट टाकलंय. गावात त्यावरून माझी चेष्टा चालते. कुणीतरी त्याला हार घालून गेलं होतं परवा. नवा कागद घेण्याआधी हा कुठे द्यायचा ते मला ठरवायचंय. ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं, भरायला दोन माणसंही माझी. आपण फक्त पत्ता कळवावा.

कळावे,
आपला,
एक शेततळेधारक
ता. सिन्नर, जि. नाशिक